सोनं छापता येत नाही

इटालियन चित्रकार फिलिप्पो लिप्पीच्या मॅडोनाची, म्हणजे माता मरियेच्या चित्राची, कॅनव्हासवरची छापील प्रत नाक लावून पाहिली की एक गंमत दिसते. मरियेच्या गालावर कापडाची उभी-आडवी वीण असते आणि त्याच विणीवर जुन्या रंगाला गेलेले बारीक तडेही छापून आलेले असतात. कापडावर फळीचे तडे! फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातलं मूळ चित्र (सुमारे १४६०-६५) लाकडावर रंगवलेलं आहे. त्या काळी इटलीत धार्मिक चित्रं बहुतेक पॉप्लरच्या फळीवर नाहीतर भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर काढत. कॅनव्हासचा जम बसला तो पुढे व्हेनिसमध्ये, कारण तिथल्या दमट हवेत भित्तिचित्रं टिकेनात.

घराच्या भिंतीसाठी ‘म्युझियम कॅनव्हास’ म्हणून जे विकलं जातं, ते असं मुळात नसलेल्या कापडाची नक्कल करतं. अशा छपाईचं ‘जिक्ले’ हे भारदस्त नावही १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक डुगान या मुद्रकाने शोधून काढलं; यंत्र साधं शाई फवारणारंच. माझी तक्रार या सोंगाबद्दल आहे, नकलेबद्दल नाही.

नकला तर तेव्हाही घरोघर होत्या. फ्लॉरेन्सचा चित्रकार नेरी दी बिच्ची याने १४५३ ते १४७५ पर्यंतच्या कामांच्या नोंदी लिहून ठेवल्या आहेत. वेदीवरच्या मोठ्या चित्रांच्या शेजारीच त्यात साच्यातून काढलेल्या मॅडोना रंगवून दिल्याचे उल्लेख येतात. साचा एकाचा, रंग दुसऱ्याचा, देव्हारा तिसऱ्याचा. शिल्पकार दोनातेल्लोची तऱ्हा तर आणखी न्यारी. जोव्हान्नी केल्लीनी या वैद्याने त्याच्यावर उपचार केले, म्हणून १४५६ च्या ऑगस्टमध्ये त्याने वैद्याला माता-बालकाची ब्राँझची गोल तबकडी दिली. तिची मागची बाजू म्हणजे त्याच शिल्पाचा खोलगट साचा. वितळलेली काच ओतावी आणि प्रत काढावी. हे वैद्यबुवांच्याच वहीत नमूद आहे. मूळ कलाकारानेच नकलेची सोय करून दिली होती, तर आपण नाकं कशाला मुरडायची?

प्रत खरी फसते ती सोन्यापाशी. चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीच्या १४०० च्या सुमाराच्या हस्तपुस्तिकेत कृती आहे: फळीवर सरस आणि जिप्समचे थर, त्यावर तांबूस मातीचा लेप, त्यावर वर्ख, मग तो घोटायचा. (रंग कालवायला अंड्याचा बलक. तरुण चेहऱ्यासाठी शहरातल्या कोंबडीचा फिका, म्हाताऱ्यासाठी खेड्यातल्या कोंबडीचा गडद!) घोटलेला वर्ख मेणबत्तीच्या ज्योतीबरोबर हलतो. फोटोत तो एका क्षणी गोठतो आणि छापल्यावर मोहरीच्या वाटणासारखा दिसतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतींवर आपल्याकडे जर-टिकल्या चिकटवत. छापील चित्रात चमक नाही, हे त्या चिकटवणाऱ्या बायाबापड्यांना बरोबर कळलं होतं.

गंमत अशी की, जोव्हान्नी दोमिनीची या डोमिनिकन धर्मगुरूने पंधराव्या शतकाच्या आरंभीच मुलांसाठी घरात पवित्र चित्रं ठेवा असं सांगितलं, पण सोन्या-चांदीची फार नकोत, पोरं श्रद्धेऐवजी मूर्तिपूजेला लागतील, असंही बजावलं. त्याच पंथाच्या फ्रा आंजेलिको या चित्रकार साधूने पुढे १४४० च्या आसपास फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात साधूंच्या खोल्यांत भिंतीच्या गिलाव्यावर चित्रं रंगवली. तिसऱ्या खोलीत ओकीबोकी भिंत, गुडघे टेकलेली मरिया, समोर देवदूत, बाजूला संत पीटर मार्टर. श्रीमंती थाट नाही, बागही नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर हे तिसऱ्या खोलीतलं चित्र घ्या. कॅनव्हासवर नको, जाड, बिनचकाकीच्या कागदावर छापून घ्या. गिलाव्याच्या जवळ जाणारा तोच. आणि काच लावू नका.