पाहिलेलं, ऐकलेलं, वाटलेलं

वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारायच्या. पहिल्या रकान्यात पाहिलेलं, दुसऱ्यात ऐकलेलं, तिसऱ्यात आपल्याला वाटलेलं. लोकांचं जगणं त्यांच्यात वावरून समजून घ्यायचं आणि लिहायचं कसं, हे शिकवणारा एक छोटा अभ्यासवर्ग आम्ही काही तरुण मुलामुलींसाठी घेतला. त्याची सुरुवात या रेघांपासून झाली. जागा होती पूर्णा जंक्शन.

ही जागा मुद्दाम निवडली. नांदेड, परभणी आणि हिंगोली अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या इथे येतात. मीटरगेजच्या काळात जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इथूनच अकोला-खांडव्याकडे वळायची. 2008च्या सुमारास अकोल्यापर्यंतचा मार्ग ब्रॉडगेज झाला. गाडी बदलायची म्हणजे थांबावं लागतं, आणि थांबलेली माणसं बोलतात. शिकाऊ माणसाला यापेक्षा चांगली शाळा नाही.

पहिल्या संध्याकाळी वह्या मोठ्याने वाचल्या, तेव्हा बऱ्याच वह्यांत एकच वाक्य निघालं : ‘फलाटावर गरीब लोक बसले होते.’ ते पहिल्या रकान्यात होतं. गरिबी डोळ्यांना दिसत नाही, मग दिसलं काय? दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी लिहून आणलं : तारेने बांधलेला चपलेचा पट्टा, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत कोंबलेले कपडे, पदराच्या गाठीत तिकीट, मुलाला एक बिस्कीट देऊन पुडा पुन्हा दुमडून ठेवणारा हात. ‘गरीब’ हा शब्द कुठेच नव्हता, आणि पान कितीतरी बोलकं झालं होतं.

जागेवर फक्त शब्द-दोन शब्द टिपायचे आणि सविस्तर त्याच रात्री लिहायचं, तेही कुणाशी बोलण्याआधी. हा नियम मुलांना जाचक वाटला. पण एकदा गोष्ट सांगितली की ती घोटीव होते. अडखळणं, विसंगती, मध्येच तुटलेलं वाक्य गळून जातं, आणि अभ्यासकाला नेमकं तेच हवं असतं. बोलणंही जसंच्या तसं लिहायचं. ‘कुठं जायलाव?’ याचं ‘कुठे जात आहात?’ करायचं नाही.

फाटकाजवळ एक बाई पेरू विकते. सकाळी मुंबईकडे जाणारी तपोवन यायच्या आधी ती पाटीवरचं ओलं फडकं काढते, पिकलेले पेरू वर घेते, तिखटमिठाची पुडी उघडते. गाडी गेली की फडकं परत पाटीवर. एक हमाल रोज येता-जाता दोन पेरू उचलतो; पैसे देताना दिसत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने तिसऱ्या रकान्यात लिहिलं : हप्ता. मग तिने विचारलं. बाई म्हणाली, ‘‘पानी आनून देतो, भावावानी हाय.’’ शेजारचा चहावाला म्हणाला, ‘‘जागा धरून ठेवतो ना तो तिची.’’ हमाल म्हणाला, ‘‘फुकट घेत न्हाई मी, हिशोब हाय आमचा.’’ खरं कोणतं, असं तिने मला विचारलं. तिन्ही लिही, म्हटलं, कोण बोललं आणि कुणासमोर बोललं यासकट. पाणी, जागा आणि हिशोब या तिघांच्या बोलण्यात वेगवेगळे आले, पण व्यवहार एकच आहे, आणि तो फलाटाच्या कुठल्याही नियमात लिहिलेला नाही.

पूर्णा ज्या परभणी जिल्ह्यात आहे तो निजामाच्या राज्यात असताना, 1920 साली, सय्यद सिराज उल हसन यांचा त्या राज्यातल्या जातीजमातींवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. धंदा, लग्नविधी, दैवतं, अंत्यविधी अशी जातवार माहिती त्यात आहे. कामाचा ग्रंथ; पण त्यात पेरूवालीला बोलायला जागा नाही. ती जागा मराठीत मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी करून दिली. वारीवरच्या ‘वाटचाल’मध्ये त्या दिंडीबरोबर स्वतः चालतात, एकाच दिंडीत जातीजातींची जेवणं वेगळी होतात हे पाहतात आणि आपल्याला त्याचं काय झालं तेही सांगतात. तिसरा रकाना त्या लपवत नाहीत. आमच्या वर्गात हाच लेख सगळ्यात जास्त वाचला गेला.

थोड्या दिवसांत सगळं येत नाही, हे मान्य. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 साली कर्नाटकातल्या रामपुरा गावात महिनोन्‌महिने राहिले. 1970 साली स्टॅनफर्डला आगीत त्यांच्या टिपणांची राख झाली, तरी आठवणींतून त्यांनी 1976 साली त्या गावावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ते राहण्याचं बळ होतं. छोट्या वर्गात राहणं शिकवता येत नाही, पाहणं आणि त्याच रात्री लिहिणं शिकवता येतं, आणि माझ्या मते त्यासाठीच असे वर्ग तालुक्याच्या गावी भरायला हवेत. इथली मुलं पुढे शिक्षक, ग्रामसेवक, पत्रकार होणार. माणसांबद्दलचे कागद तीच लिहिणार.

शेवटचा वाद नावांवर झाला. नाव बदललं की झालं, असं मुलांना वाटत होतं. पण पूर्णेसारख्या गावात ‘फाटकाजवळची पेरूवाली’ एवढं पुरे. जाणारा-येणारा ओळखणार, आणि उद्या कुणी तिला तिथून उठवलं तर? बाईला विचारलं. ती म्हणाली, माझं लिहा, त्याचं नको. म्हणून विद्यार्थिनीने हमालाचा भाग काढून टाकला. मी तो ठेवला आहे, पण फळ बदललं आहे, गाडी बदलली आहे आणि तो हमालही हमाल नाही. एवढं बदलल्यावर ते ठेवणं योग्य का, यावर तिचं नि माझं अजून एकमत नाही.