संग्रहालयाचा दुसरा दरवाजा

दिनकर गंगाधर केळकर हे संग्राहक म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत, हे मात्र पुष्कळांना आठवत नाही. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला, तो १९९० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सुटला नाही. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्र्या, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे असे काय काय त्यांनी गोळा केले. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. या संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी दालनांत मांडलेल्या आहेत सुमारे २,५००.

म्हणजे आठांतली एक वस्तू आपल्याला दिसते. जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांची हीच गत आहे. जागा थोडी आणि ठेवा मोठा. अशा वेळी संग्रहालयाचे संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, हा त्याचा दुसरा दरवाजा ठरतो. मी राहतो ते उत्रोली भोरला लागून आहे. इथून पुणे पन्नासेक किलोमीटर. एसटीने स्वारगेटला उतरून संग्रहालय बघून परत यायचे म्हणजे सगळा दिवस मोडतो. ज्याला तो दिवस मोडता येत नाही, त्याच्यासाठी हा दुसरा दरवाजाच पहिला असतो. म्हणून तो कसा घडवावा, हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा नाही.

सातवीतल्या माझ्या पुतणीला शाळेत ‘जुनी भांडी’ हा प्रकल्प मिळाला होता. तिने मोबाइलवर दूरच्या एका संग्रहालयाचे संकेतस्थळ उघडले. वर ओळीने लिहिले होते : आमच्याविषयी, विश्वस्त मंडळ, विभाग, प्रकाशने, निविदा. तिने मला विचारले, “चाचा, यात भांडी कुठे असतील?” मग ‘विभाग’ उघडला, तर आत धातुकला, सजावटीच्या कला, मानववंशशास्त्र. पोर गोंधळली आणि थोड्या वेळाने मोबाइल ठेवून दादीकडे गेली. भांडी त्या संग्रहालयात नक्की होती. फक्त ती कचेरीच्या कपाटांप्रमाणे लावलेली होती, बघणाऱ्याच्या मनातल्या प्रश्नाप्रमाणे नव्हे.

संकेतस्थळ नव्याने करताना रंगापासून सुरुवात करायची नसते, ती याचसाठी. सुरुवात माणसांपासून करायची. येणारा कोण आहे आणि का येतो, हे आधी समजून घ्यायचे. जॉन फॉक या अमेरिकन अभ्यासकाने २००९ मधल्या आपल्या पुस्तकात संग्रहालयात येणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितले. कोणी निव्वळ कुतूहलाने येतो, कोणी मुलाबाळांना दाखवायला, कोणी ‘प्रसिद्ध आहे, बघून घेऊ’ म्हणून, कोणी अभ्यासासाठी किंवा छंदापायी, तर कोणी मनाला विसावा म्हणून. वय, शिक्षण, उत्पन्न यांपेक्षा येण्याचे कारण महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे. सहलीची तयारी करणाऱ्या गुरुजींना वेळ, तिकीट, डबा खायची जागा आणि स्वच्छतागृह यांची माहिती हवी असते. अभ्यासकाला वस्तूचा क्रमांक आणि काळ हवा असतो. दोघांना एकाच दारातून आत घ्यायचे, पण पुढे आपापल्या वाटेला लावायचे, हे कौशल्य आहे.

हे कळायला मोठी पाहणीच लागते असे नाही. जेकब निल्सन या तज्ज्ञाने २००० मध्ये दाखवून दिले, की पाच जणांना समोर बसवून संकेतस्थळ वापरायला सांगितले, तर साधारण ८५ टक्के अडचणी उघड होतात. मात्र त्यांना ‘कसे वाटले?’ असे विचारायचे नाही. आपल्याकडची माणसे भिडस्त. ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात. त्यांना काम द्यायचे : ‘पितळी समई शोधा’, ‘सोमवारी उघडे असते का ते बघा.’ आणि आपण गप्प राहायचे. बोट कुठे अडखळते, कपाळाला आठी कुठे पडते, एवढेच टिपायचे. मदत करायचा मोह आवरणे हा यातला सर्वांत अवघड भाग.

दुसरी युक्ती त्याहून सोपी आहे. वस्तूंची नावे चिठ्ठ्यांवर लिहायची, चिठ्ठ्या लोकांपुढे टाकायच्या आणि म्हणायचे, ‘ज्या एकत्र वाटतात त्यांचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्यांना नावे द्या.’ जाणकाराच्या हातून पितळ, लाकूड, दगड असे गठ्ठे पडतील. एखादी आजी मात्र स्वयंपाकघर, देवघर, पानाचे सामान, न्हाणीघर असे गठ्ठे करील. दोन्ही बरोबर आहेत. पण ‘निविदा’ नावाचा गठ्ठा कोणीच करणार नाही.

इथे मला कवी म्हणून बोलावेसे वाटते, कारण खरी मेख शब्दांत आहे. तोटी असलेल्या एका भांड्याला कोणी झारी म्हणतो, कोणी तोटीचा लोटा. हात-तोंड धुवायचे तसेच भांडे आमच्या घरात बधना असते. नोंदवहीत यांपैकी एकच शब्द असेल, तर बाकीच्यांनी शोधले की उत्तर येते, ‘काही सापडले नाही.’ त्या घरांतून तशी वस्तूच नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून प्रत्येक वस्तूच्या नोंदीत तिची सगळी नावे हवीत आणि तिचे काम काय, तेही हवे. वज्री हा शब्द आजच्या मुलांना माहीत नसतो, पण ‘पाय घासायची’ असे त्यांनी लिहिले तर वज्री समोर यायला हवी. काम जुने नाही, फक्त शब्द विस्मरणात गेला.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. संगणकावर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये भरलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. यंत्राला तो मराठी म्हणून वाचताच येत नाही, मग शोधणार काय? असा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि बाहेरून दिसत नाही. पण ते केल्याशिवाय बाकीचे सगळे व्यर्थ.

यानंतर दिसण्याची पाळी. अडकित्त्याचे नुसते छायाचित्र पाहून तो वितीएवढा की हाताएवढा, हे कळत नाही. शेजारी एक सुपारी ठेवली की न सांगता कळते. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. म्हणून इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या तर त्या एकमेकींत अडकतात. ओळींत अंतर हवे. फिकट करड्या अक्षरांची फॅशन आली, पण चष्मेवाल्यांचे हाल झाले. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असा जागतिक संकेत आहे. प्रत्येक छायाचित्रामागे वर्णनाची एक ओळ असली, तर अंध माणसाचा मोबाइल ती वाचून दाखवतो. आणि छायाचित्रे अशी असावीत, की घाटात रेंज जेमतेम असतानाही उघडतील.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने हे मनावर घेतले. इमारतीचे काम दहा वर्षे चालले होते. ती २०१३ मध्ये पुन्हा उघडली. त्याआधीच, २०१२ मध्ये, नवे संकेतस्थळ आले. त्यावर सुमारे १,२५,००० कलाकृती मोठ्या, स्वच्छ छायाचित्रांत मांडल्या होत्या. कोणीही त्या उतरवून घ्याव्यात, त्यांचा स्वतःचा संग्रह करावा, अशी मुभा होती. विभागांची नावे मागे गेली, चित्र पुढे आले. आपल्याकडे पुण्याच्याच सी-डॅक संस्थेने ‘जतन’ ही संगणक प्रणाली तयार केली आणि तिच्या आधारे २०१४ मध्ये देशातल्या दहा संग्रहालयांचे सामाईक संकेतस्थळ सुरू झाले. म्हणजे नोंदी ठेवायचे साधन आपल्यापाशी आहे. त्या नोंदी लोकांच्या बोलीत आणणे, हे पुढचे काम. त्याला पैशांपेक्षा चिकाटी आणि ऐकून घ्यायची तयारी जास्त लागते.

संग्रहालयातल्या बहुतेक वस्तूंवर करणाऱ्याचे नाव नसते. समई ओतणारा कारागीर, दरवाजा कोरणारा सुतार, ती वस्तू रोज हाताळणारी बाई, सगळे अज्ञातवासीच. त्यांच्या नातवंडांना आपल्याच घरची वस्तू आपल्या शब्दाने सापडू नये, ही मोठी तूट आहे.

तेव्हा एक करून पाहा.  घरातल्या वडीलधाऱ्यांना एखाद्या संग्रहालयाचे संकेतस्थळ उघडून द्या आणि त्यांच्या लहानपणीची एक वस्तू शोधायला सांगा. तुम्ही बोलू नका. कुठे अडले आणि त्यांनी कोणता शब्द वापरला, ते कागदावर लिहा आणि तो कागद त्या संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पाठवा. त्यांना अशा पत्राचा उपयोगच होईल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)