विजेच्या फिटिंगचा हिशेब

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. शहरांतील मध्यम स्थितीच्या गृहस्थाला नवें घर बांधण्याचा प्रसंग हल्लीं क्वचितच येतो. परंतु राहत्या घराची दुरुस्ती मात्र कोणालाच चुकत नाहीं. गवंडी, सुतार, रंगारी यांचें काम डोळ्यांना दिसतें, म्हणून त्यांचा हिशेबहि समजतो. विजेचें काम भिंतीच्या पोटांत जातें; आणि त्याचें बिल हातीं पडलें कीं आपण फसलों, असें पुष्कळांना वाटतें. मलाहि तसेंच वाटलें होतें.

गेल्या वर्षीं आमच्या पुण्यांतील जुन्या सदनिकेची दुरुस्ती निघाली, तेव्हां विजेची फिटिंगहि नवी करावयाचें ठरलें. वायरमन ओळखीचा. 'पॉइंटामागें अमुक दर, मालासकट,' एवढेंच तोंडी बोलणें झालें. मीं कागदावर २२ पॉइंट मोजले आणि तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवली. काम संपल्यावर बिल आलें तें ४१ पॉइंटांचें! घरांतील मंडळींच्या देखत मी त्या गृहस्थाला नको तें बोललों. तो रागावला नाहीं. "काका, बिल राहूं द्या. आधीं आपण दोघे मिळून मोजूं," एवढेंच म्हणाला.

आम्ही खोलीखोलींतून हिंडलों. छतांत बसविलेले १२ लहान दिवे ३ स्विचांवर होते. मीं स्विच मोजून ३ धरले, त्यानें दिवे मोजून १२. स्विचबोर्डांवरील ६ प्लग मीं हिशेबांत घेतलेच नव्हते. गीझर व भट्टी यांचे २ मोठे प्लग त्याच्या रीतीप्रमाणें प्रत्येकीं दोन पॉइंटांचे होते. बोळांतील आणि निजण्याच्या खोलींतील दिवा दोन-दोन ठिकाणांहून लावतां येत असल्यामुळें तेहि दुप्पट. नऊ, सहा, दोन आणि दोन मिळून एकोणीस. हिशेब चोख होता. चूक होती ती न बोलतां गृहीत धरण्याची, आणि ती दोघांचीहि होती. छताच्या दिव्यांबाबत त्यानें पुढें सवलत दिली: प्रत्येक स्विचावरील पहिला दिवा पुऱ्या दरानें, आणि त्याच तारेवरून पुढें नेलेले बाकीचे दिवे अर्ध्या दरानें. ही रीत या धंद्यांत रूढ आहे. परंतु ती आधीं ठरलेली असावी लागते.

पॉइंट म्हणजे काय, हें मग मीं समजावून घेतलें. स्विचबोर्डापासून दिव्याच्या जागेपर्यंतची नळी, तार, स्विच, होल्डर आणि मजुरी, एवढें सामान्यतः त्यांत येतें. प्रत्यक्ष दिवा किंवा पंखा त्यांत येत नाहीं. मुख्य फलकापासून प्रत्येक स्विचबोर्डापर्यंत येणारी तार केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत लांबीवर वेगळी मोजतात; खासगी कामांत ती कोठें धरली आहे, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. भिंतींत खाच पाडणें बहुधा वायरमनकडे असतें; पण ती बुजवून गिलावा कोणीं करावयाचा, यावरून वायरमन व गवंडी एकमेकांकडे बोट दाखवितात.

म्हणून दर विचारण्यापूर्वीं भिंतींवर खडूनें खुणा कराव्यात आणि त्या खुणांवरून लेखी यादी करावी. गिलावा झाल्यावर सुचलेला एक दिवा भिंत पुन्हां फोडावयास लावतो. यादींत तारेची जाडी लिहावी: दिवे व पंखे यांस १.५, मोठ्या प्लगास २.५ आणि वातानुकूलन यंत्रास ४ चौरस मिलिमीटर, ही सर्वसाधारण रीत आहे. तारेची व स्विचांची बनावट कोणती, जुनी फिटिंग काढण्याची मजुरी आणि कर दरांत धरले आहेत कीं वेगळे, हेंहि लिहून घ्यावें. एवढें झाल्यावर दोन वायरमनांच्या दरांची तुलना करण्यांत अर्थ आहे, त्यापूर्वीं नाहीं.

स्वस्त दराची एक बाजू मात्र पैशांत मोजतां येत नाहीं. खर्च वांचावा म्हणून 'न्हाणीघराकडची जुनी तार राहूं द्या,' असें मीं सांगितलें होतें. त्यानें ऐकलें नाहीं. आमची मोजणी संपल्यावर त्यानें तेथून काढलेला जुना प्लग माझ्यापुढें धरला. गीझरच्या तिसऱ्या, म्हणजे भूमितारेच्या भोकाला मागें तारच जोडलेली नव्हती. माझी आई अनेक वर्षें रोज सकाळीं त्याच गीझरच्या पाण्यानें स्नान करीत होती. आतां तेथें हिरवी तार आली आहे आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारें आर.सी.सी.बी. यंत्र बसलें आहे. नेहमींचें एम.सी.बी. अतिभारापासून तारेचें रक्षण करतें. एवढ्या बारीक गळतीनें तें पडत नाहीं, आणि माणसाच्या जिवाला तेवढी गळतीहि धोक्याची असते.

यासाठींच दिवा किंवा स्विच बदलण्यासारखीं किरकोळ कामें सोडून बाकीचें काम परवानाधारक ठेकेदाराकडून व प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीं व्हावें, असें केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०२३ सालचे नियम सांगतात. परवाना पाहावयास मागण्यांत संकोच बाळगूं नये. चांगला कारागीर तो आपण होऊन दाखवितो.

बिल मीं त्याच दिवशीं चुकतें केलें. ज्या मंडळींच्या देखत मी बोललों होतों, त्यांच्याच देखत क्षमाहि मागितली. तो हंसून म्हणाला, "पुढच्या वेळीं कागद आधीं करूं." वाचकांनीं तो कागद पहिल्याच वेळीं करावा, एवढ्यासाठीं हें लिहिलें आहे.