दुसऱ्या वर्षीची ओळख

इंग्लंडात ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडेचा. त्या जोडून आलेल्या सुट्टीला धरून लिव्हरपूलमध्ये बीटलवीक भरतो. ब्राझील, जपान, स्वीडन, हंगेरी, अर्जेंटिना अशा कुठकुठल्या देशांतून बँड येतात आणि आठवडाभर, दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत, एकाच बँडची गाणी वाजवतात. तो बँड १९७० साली मोडला, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरी गेली पंधराएक वर्षं आमच्या घरचं वर्ष दिवाळी, गणपती आणि हा आठवडा अशा तीन खुंट्यांवर टांगलेलं असतं. गणपती ऑगस्टातच आले की घरात थोडी वादावादी होते.

नोकरीच्या निमित्ताने मी पुण्याहून मँचेस्टरला आले, तेव्हा आपली माणसं कुठे शोधायची याचं उत्तर तयार होतं. इंग्लंडात मराठी माणसाची सोय जुनी आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. आमच्या गावातही गणपती, कोजागरी, दिवाळी फराळ सगळं रीतसर व्हायचं आणि मी जायचेही. दुसरीकडे ऑफिस होतं. तिथले लोक सभ्य होते, शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये आग्रहाने न्यायचे. मंडळात मी कुणाची कोण, मूळ गाव कोणतं, हे आधी विचारलं जाई. ऑफिसात माझं काम काय ते. दोन्हीकडे तक्रारीला जागा नव्हती. पण मामाच्या कॅसेटींवर पाठ झालेली बीटल्सची गाणी मनातल्या मनात म्हणणारी जी मी होते, तिचं दोन्हीकडे काही काम नव्हतं.

लिव्हरपूल मँचेस्टरहून ट्रेनने तासाभराच्या आत. पहिल्या वर्षी मी एकटीच गेले आणि गर्दीला घाबरले. तेव्हा बीटलवीकच्या जोडीने मॅथ्यू स्ट्रीट फेस्टिव्हल असायचा. रस्त्यांवर फुकट कार्यक्रम, लाखोंची झुंबड आणि बिअरचा वास. त्यातून वाट काढत कॅव्हर्न क्लबच्या पायऱ्या उतरले. हे मुळात एका वखारीचं तळघर. १९५७च्या जानेवारीत तिथे जॅझ क्लब सुरू झाला आणि १९६१ ते १९६३ या काळात बीटल्सनी तिथे जवळपास तीनशे वेळा वाजवलं. १९७३ साली रेल्वेच्या कामापायी क्लब बंद झाला, तळघर बुजवलं गेलं. आजचा कॅव्हर्न १९८४चा, जुन्या विटा वापरून बऱ्याचशा त्याच जागेवर पुन्हा बांधलेला. विटांच्या कमानीखाली घामेजून उभं राहिल्यावर 'हे खरं कॅव्हर्न नव्हेच' असं कुरकुरणारे भेटतात, आणि तेच लोक पुढल्या वर्षी पुन्हा त्याच कमानीखाली दिसतात.

त्या वर्षी माझ्याशी बोललेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच विषय काढला. 'भारतातून? म्हणजे ऋषिकेश!' १९६८ साली बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते, तेव्हा प्रश्न स्वाभाविक. पण पुण्याहून ऋषिकेश दीड हजार किलोमीटर, आणि मी ते पाहिलेलं नव्हतं. सतार येते का, ध्यान करतेस का, हेही ठरलेले प्रश्न. मी हसून नकार देत राहिले. रात्री शेवटच्या ट्रेनने परतताना वाटलं, कार्यक्रम छान, पण इथेही आपण पाहुण्याच.

मग दुसऱ्या वर्षी का गेले? खरं कारण अगदी फुटकळ आहे. अडेल्फी हॉटेलात चाहत्यांच्या संमेलनाच्या दिवशी जुन्या रेकॉर्डांचा बाजार भरायचा. तिथे एका स्वीडिश निवृत्त शिक्षकांनी मला एक भारतीय रेकॉर्ड दाखवली होती. पार्लोफोनचं लेबल, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात काढलेली प्रत. कव्हरवर तपकिरी ठिपके पडले होते. ते कशाचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बुरशी. पावसाळ्यात कपाट बंद राहिलं की आमच्याकडे पुस्तकांनाही असंच होतं. आमच्या घरी ओल येऊ नये म्हणून कपाटात कापूर ठेवत, हेही सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी आणखी भारतीय प्रती आणतो म्हणाले. आता सत्तरीतला माणूस एवढ्यासाठी पेट्या ओढत येणार म्हटल्यावर जाणं भाग होतं. ते आले. मला लांबूनच पाहून त्यांनी हाक मारली ती 'कॅम्फर!' अशी. पुढे बरीच वर्षं त्यांच्या घोळक्यात माझं तेच नाव होतं. कुणी ऋषिकेश विचारलं की आता इतरच परस्पर सांगायचे, ही तिथली नाही, ही बुरशीवाली.

त्या घोळक्यातच मला माझा आवाज सापडला. पुण्यात शाळेपासून समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकच चाल एकसुरात म्हणायची. वेगळा सूर लागला की बाई थांबवायच्या. इथे रात्री पबच्या कोपऱ्यात गिटार निघाली की गाणी तीन आवाजांत व्हायची. 'धिस बॉय' हे १९६३चं गाणं तर तीन आवाजांच्या गुंफणीवरच उभं आहे. मी नेहमीप्रमाणे मुख्य चाल धरली. तेव्हा बुडापेस्टच्या एका बाईंनी कोपराने ढोसलं आणि खुणेने सांगितलं, खाली जा. तुझा आवाज खालचा आहे, वर गाणारे पुष्कळ आहेत. त्या माझ्या कानाशी तो सूर गुणगुणत राहिल्या. मी घसरले, पुन्हा धरला, पुन्हा मुख्य चालीकडे ओढली गेले. तानपुऱ्याच्या षड्जावर कान तयार झालेल्या बाईला शेजारी वेगळीच चाल सुरू असताना आपली सोडायची नाही, हे फार अवघड जातं. त्या वर्षी जमलंच नाही. पुढल्या वर्षी मी पोचायच्या आधीच त्यांनी त्यांच्या शेजारची खुर्ची अडवून ठेवली होती. खालच्या आवाजासाठी.

हळूहळू भारताचा प्रश्नही मला छळेनासा झाला, कारण त्याची उत्तरं लिव्हरपूलमध्येच मिळायला लागली. वेस्ट डर्बी भागात एका घराच्या तळघरात कॅसबा कॉफी क्लब आहे. ऑगस्ट १९५९मध्ये तो मोना बेस्ट यांनी सुरू केला. बीटल्सच्या पोरांनी तिथे वाजवलं आणि रंगवलंही. एका खोलीच्या छतावरचे इंद्रधनुषी पट्टे पॉल मॅकार्टनीच्या हातचे. या मोनाबाई दिल्लीत जन्मलेल्या, आणि त्यांचा मुलगा पीट बेस्ट, म्हणजे रिंगोच्या आधीचा ड्रमर, १९४१ साली मद्रासमध्ये. जॉर्ज हॅरिसनच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत, आपल्याच वादकांनी वाजवलं. आणि १९६७च्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा वाजवणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव अण्णा जोशी. मूळ कव्हरवर या लंडनवासी वादकांची नावं छापलेली नव्हती. ते नाव समजलं त्या वर्षी मी घोळक्याला ते गाणं पुन्हा ऐकायला लावलं. कॅव्हर्नमध्ये सतारीचा विषय मी स्वतःहून काढला असेल, तर तो तेव्हाच.

मधल्या काळात भोवतालचं बरंच बदललं. २०१२ नंतर रस्त्यावरचा मोठा फेस्टिव्हल बंद झाला. गर्दी ओसरली, आणि राहिले ते बहुतेक गाण्यासाठी आलेले. २०१५च्या डिसेंबरात पिअर हेडला चौघांचा ब्राँझचा पुतळा बसला. फोटोसाठी आता तिथे रांग असते. २०१९मध्ये स्ट्रॉबेरी फील्डचं आवार लोकांसाठी खुलं झालं.

२०२०मध्ये आम्ही सगळे आपापल्या घरी अडकलो. संगणकावर जमलो, पण एकत्र गाता येईना. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि तेवढ्या अंतरात तिन्ही आवाजांचा चिवडा होतो. शेवटी ठरवलं, सगळ्यांनी एकाच वेळी तीच रेकॉर्ड लावायची आणि गप्प बसायचं. त्यानंतर दोन ओळखीचे चेहरे आलेच नाहीत. स्वीडिश मास्तर त्यांतले एक. त्यांच्या मुलीने भारतीय प्रतींची पेटी माझ्या पत्त्यावर पाठवली. आत वहीचं एक पान होतं, कापराच्या वड्या कुठे मिळतात याच्या टिपणासकट.

नोव्हेंबर २०२३मध्ये 'नाउ अँड देन' आलं. जॉन लेननने घरी टेपवर गाऊन ठेवलेलं गाणं, साथीदारांनी पुरं केलेलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या ऑगस्टात त्यावरून आमच्यात उभी फूट पडली. यंत्राने साफ केलेला आवाज खरा का, यावर हंगेरियन बाई आणि मी मध्यरात्रीपर्यंत भांडलो. सकाळी न्याहारीला त्याच टेबलावर.

या लोकांविषयी मला काय माहीत आहे, याचा कधी हिशेब केला तर तो तुटपुंजा निघतो. कुणाचं आडनाव ठाऊक नाही, कुणाची नोकरी. घरी जाणंयेणं नाही, वर्षभरात जेमतेम दोन-चार निरोप. पुण्यात रमणबागेत सवाई संगीत महोत्सवाच्या मांडवात असे शेजारी असायचे: वर्षानुवर्षं त्याच खांबाजवळ बसणारे, थर्मासमधला चहा पुढे करणारे, ज्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मैत्रीला आधी मनं जुळावी लागतात असं आपण धरून चालतो. या दोन्ही ठिकाणी आधी हजेरी लागली आणि मनं सावकाश मागून आली. मंडळात मला जन्माने जागा होती, ऑफिसात कामाने. इथे ती पुन्हा येण्याने मिळाली, आणि ती राखून ठेवायला मला दरवर्षी जावं लागतं.

कुणी मला विचारतं, बीटलवीकला एकदा जाऊन यावं का? जरूर जा. कॅव्हर्न, लेननचं मेंडिप्स नावाचं घर, मॅकार्टनीचं फोर्थलिन रोडवरचं घर, सगळं पाहा, मजा येते. माणसं हवी असतील तर मात्र एकदा जाऊन भागत नाही. तिथे ओळख दुसऱ्या वर्षी होते.