रोमँटिक म्हणजे काय गं?

रोमँटिक म्हटलं की आपण पदर तोंडाला लावून हसतो. हिरो, हिरॉइन आणि पावसातलं गाणं, एवढंच डोळ्यांपुढं येतं. पण साहित्यात या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या नगरपर्यंत येतो.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कारखाने वाढत होते, माणसं गाव सोडून शहरात जात होती. जिकडेतिकडे हिशेब आणि नियम. तेव्हा काही कलावंत म्हणाले, माणसाला मनही असतं, त्याचं काय? १७९८ साली वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या दोन कवींनी मिळून एक संग्रह काढला. त्यात राजे-सरदार नव्हते, खेड्यातली साधी माणसं होती आणि भाषाही साधी होती. टर्नरनं चित्रांत वादळ आणि उजेड रंगवला. बीथोव्हेननं १८०८ साली नुसत्या वाद्यांतून ओढा, पाखरं आणि गडगडाट ऐकवला. या विचाराला रोमँटिसिझम म्हणतात. मराठीत त्याला स्वच्छंदतावाद असं नाव आहे. स्वतःचं मन आणि भोवतीचा निसर्ग, हा त्याचा गाभा.

मराठी कवितेत ही वाट केशवसुतांनी मोकळी केली. त्याच वाटेनं पुढं त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा खानदेशातला मुलगा आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तेव्हा तो अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता. पुढं तो नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला. टिळक स्वतः कवी. लक्ष्मीबाई टिळकांनी तर त्याला पोटच्या पोरासारखी माया लावली. त्याच्या ‘फुलराणी’त कळी लाजते, तिचं लग्न लागतं. ‘औदुंबर’ ही त्याची कविता फक्त आठ ओळींची, पण पाण्याकाठचं उंबराचं झाड त्यात एखाद्या उदास माणसासारखं वाटतं. झाड तेच, आपण रोज बघतो ते. कवीनं त्यात आपलं मन ओतलं. १९१८ साली रेल्वे अपघातात तो गेला. वय २८ सुद्धा पुरं नव्हतं.

आता लक्ष्मीबाईंचं बघा. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरं घरीच शिकल्या. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. त्यात स्वप्नाळूपणा नाही. संसार, भांडणं, उपासमार आणि हसू, सगळं रोखठोक आहे. त्यामुळं त्याला रोमँटिक म्हणता येणार नाही. पण आपल्यासारख्या बाईचं जगणं आणि मन सांगण्याजोगं आहे, हा भरवसा त्यात पानोपानी आहे.

आपण मात्र चटकन म्हणतो, “आमच्या मनाचं कोण विचारतंय?” अगं, आपल्या आज्यांनी ते कुणी विचारायची वाट पाहिली नाही. भाऊ, माहेर, पाऊस, सासरचा जाच, सगळं जात्यावर गाऊन टाकलं. कुठल्या वादाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

जाती थांबली, तशा त्या ओव्याही विसरत चालल्या आहेत. म्हणून बचतगटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं जास्त बसू या. गटातल्या थोरल्या बाईला तिची एक ओवी म्हणायला सांगू आणि वहीत उतरवून घेऊ. शेजारच्या पानावर आपल्या मनातल्या दोन ओळी लिहू. यमक जुळलं नाही तरी चालेल.

भेटू पुढच्या वेळी. राम राम!