जुन्या टाकीत दुसरा फिल्टर

काचेआडचं पाणी : भाग १४

माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हे काम करणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरमध्ये राहतात. त्यामुळे चांगली मुरलेली टाकी असणारे अनेक जण पुढे विचारतात: आणखी एक फिल्टर लावला तर जिवाणू दुप्पट होतील आणि मासेही दुप्पट ठेवता येतील ना?

तसं होत नाही. जिवाणू किती असावेत हे त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर ठरतं. हा अमोनिया येतो माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाद्यातून. मासे तेच आणि खाद्यही तेवढंच, तर अमोनियाही तेवढाच. शिधा तेवढाच असताना दुसरी चूल मांडली म्हणून पंगत मोठी होत नाही. नव्या फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती होऊ लागली की जुन्याच्या वाट्याचा अमोनिया कमी होतो आणि तिथली वस्ती त्या मानाने आटते. काही आठवड्यांनी एकूण जिवाणू जवळपास पूर्वीइतकेच असतात, पण ते दोन घरांत राहत असतात.

ही विभागणीच मोलाची आहे. एका पंपात खडा अडकला, नळी तुंबली किंवा मोटर जळाली, तरी दुसऱ्या घरातले जिवाणू कामावर असतात. एका फिल्टरची स्वच्छता करताना दुसऱ्याला हात लावायचा नाही, एवढं पाळलं तर धुताना जिवाणू वाहून गेले म्हणून पाणी बिघडण्याची भीतीही जवळजवळ उरत नाही. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग अधिक हलतो आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. नागपूर, परभणी, जळगावकडच्या घरांत एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशी ओलांडतं, तेव्हा हा फरक माशांना जाणवतो.

आता निवड. माझा आग्रह असा, की दुसरा फिल्टर पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीचा असावा. एकाच प्रकारचे दोन फिल्टर एकाच कारणाने, एकाच वेळी बंद पडू शकतात. कॅनिस्टरचंच पाहा. वीज गेली की त्या बंद डब्यातलं पाणी थांबतं, आतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मग तेच मरू लागतात. वीज बराच वेळ गेली असेल, तर ती आल्यावर डब्यातलं कुजकट पाणी आधी बाहेर ओतावं आणि मगच फिल्टर सुरू करावा. स्पंज फिल्टरचं तसं नाही. तो टाकीतच उघडा असतो आणि बॅटरीवरच्या छोट्या एअर पंपावरही चालतो. म्हणून हँग-ऑन, टॉप किंवा कॅनिस्टर आधीच असेल, तर जोडीला स्पंज फिल्टर घ्यावा. तो या सगळ्यांत स्वस्तही असतो. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरू शकतं.

प्रवाहाचा हिशेबही करून पाहा. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी म्हणजे साडेचार घनफूट, म्हणजेच सुमारे १२७ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी शंभरएक लिटर भरतं. मिश्र माशांच्या टाकीत पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरावं असा रूढ ठोकताळा आहे, म्हणजे दोन्ही फिल्टर मिळून ताशी ४०० ते ६०० लिटर. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या पंपाचा असतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्यावर तो खाली येतो. फायटर किंवा लांब पंखांचे गोल्डफिश असतील तर प्रवाह मंदच ठेवा. पाण्याशी सतत झुंजणारा मासा थकतो, आणि थकलेल्या माशाला रोग लवकर गाठतात. नवा फिल्टर जुन्याच्या समोरच्या टोकाला, जिथे गाळ साचतो तिथे लावावा.

खरी कसोटी असते ती धीराची. अमोनियावर जगणाऱ्या या जिवाणूंचा उलगडा रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास केला. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते, म्हणून हे जीव फार सावकाश वाढतात. अनुकूल स्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी कित्येक तास, अनेकदा दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे कोऱ्या फिल्टरमध्ये पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

हा काळ कमी करता येतो. जुन्या फिल्टरमधल्या मूठभर रिंग किंवा स्पंजचा तुकडा नव्यात ठेवा. मात्र जुन्यातला पाव हिश्शाहून अधिक मीडिया काढू नका. ते जमत नसेल, तर जुना स्पंज नव्यावर पिळा. त्या तपकिरी गाळाने पाणी थोडा वेळ गढूळ होईल, पण हवी ती वस्ती त्यातच आहे. नुसतं जुन्या टाकीचं पाणी ओतून फारसं साधत नाही, कारण हे जिवाणू बहुतांशी पृष्ठभागाला चिकटून राहतात. नळाखाली मीडिया कधीच धुऊ नये, क्लोरीन त्यांना मारतं. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच तो खळबळून घ्यावा.

या सहा आठवड्यांत नवे मासे आणू नका. टेस्ट किटने आठवड्यातून एकदा अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. एकाचाही अंश दिसला, तर खाद्य कमी करा आणि पाव हिस्सा पाणी बदला. सहा आठवड्यांनंतर दोन्ही फिल्टरची धुण्याची पाळी ठरवा: या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरा. कधी जुना फिल्टर कायमचा काढायची वेळ आली, तर त्याच्याबरोबर जिवाणूंचा मोठा वाटा जातो हे ध्यानात ठेवा. त्याचा स्पंज काही आठवडे टाकीतच राहू द्या आणि पहिले आठ-दहा दिवस पाणी रोज तपासा.

एवढं केल्यावर माशांची संख्या वाढवायचा मोह होईल. कृपया तो आवरा. मासे वाढवले की त्यांना दोन्ही फिल्टर लागतात, आणि मग अडचणीच्या वेळी हाताशी राखीव काहीच उरत नाही. आपल्या भरवशावर काचेत राहणाऱ्या जिवांसाठी एवढी राखीव तरतूद ठेवणं हे मी पाळणाऱ्याचं कर्तव्य मानतो.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यात टाकीचं पाणी थंड कसं ठेवावं)