विजेच्या मोटारीचे वजन येते कुठून?

विजेच्या मोटारीत इंजिन नसते, धुराडे नसते, पेट्रोलची टाकीही नसते. मग ती हलकी असायला हवी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा ती बहुधा दोन-तीनशे किलोंनी जड भरते. हा भार मुख्यतः बॅटरीचा.

दुखणे जुनेच आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९९६ साली ‘ईव्ही-१’ ही दोन माणसांची मोटार आणली. तिचे वजन सुमारे १,४०० किलो. त्यातले सव्वापाचशे किलोंहून अधिक वजन नुसत्या शिशाच्या बॅटऱ्यांचे! आणि या ओझ्यात साठणारी ऊर्जा किती, तर दोन लिटर पेट्रोलात मावेल एवढी. पेट्रोलचे इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, विजेची मोटर फार थोडी. म्हणून तर ती गाडी एका चार्जिंगमध्ये शंभराहून अधिक किलोमीटर धावे.

अभियंत्यांनी मग बाकीच्या गाडीला कात्री लावली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, अवघा १३२ किलोंचा. स्टिअरिंगचे चाक आणि सीटच्या चौकटी मॅग्नेशियमच्या. इतकी काटकसर का? तर वजन वाढले की स्प्रिंगा, ब्रेक, टायर सगळेच दणकट लागतात. त्याने वजन आणखी वाढते आणि तेवढेच अंतर कापायला बॅटरी मोठी घ्यावी लागते. कर्जाचा हप्ता फेडायला पुन्हा कर्ज काढावे, तसा हा प्रकार. पण हलकेपणा स्वस्तात मिळत नाही. ‘ईव्ही-१’ लोकांना विकली गेली नाही, भाडेकराराने दिली गेली. जेमतेम अकराशे गाड्या बनल्या आणि पुढे कंपनीने त्या परत घेऊन बहुतेक चुरडून टाकल्या.

नंतर लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज मावू लागली. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये ‘आय-३’ गाडीचा प्रवासी कक्ष कार्बन फायबरचा केला आणि ती बाराशे किलोंच्या आसपास ठेवली. टेस्लाने ‘मॉडेल वाय’चा मागचा सांगाडा सुमारे सत्तर भाग जोडण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या एकाच मोठ्या ओतकामात काढला. वजन घटले, कारखान्यातले जोडकामही घटले. अर्थात अपघातात असा भाग तडकला, तर पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या मिस्त्रीचे तिथे काही चालत नाही.

गंमत अशी, की वाचवलेले हे वजन गिऱ्हाइकाची हौस पुन्हा खाऊन टाकते. रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्यालाही पाचशे किलोमीटरचा पल्ला हवा असतो; न लागणारी बॅटरी तो रोज वाहत फिरतो. अमेरिकेतील विजेच्या ‘हमर’चे वजन चार टनांहून अधिक आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी जाहीर भाषणात हिशेब मांडला: या गाडीची नुसती बॅटरी सुमारे १,३०० किलोंची, म्हणजे जवळपास एका अख्ख्या होंडा सिव्हिकएवढी. त्यांची काळजी हमरमध्ये बसणाऱ्यांपेक्षा, तिची धडक ज्या लहान गाडीला बसेल तिच्यातल्या माणसांची होती.